कुत्रा घाबरला आहे की हरखला आहे, हे आधी विचारा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एका कुत्र्यावर पाऊण तास चर्चा झाली. चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाचा हा दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर लिफ्टचे दार उघडले की समोरच्या माणसावर भुंकतो, उड्या मारतो, पट्ट्याला हिसके देतो, आणि एकदा त्याने दूध टाकायला आलेल्या मुलाच्या हातातली पिशवी खाली पाडली होती. सभेत लगेच दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की कुत्र्याला मालक कोण हेच कळलेले नाही, गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी, घालून चार झटके दिले की तो सुतासारखा सरळ होईल. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की मुक्या जिवावर हात उगारणे हेच पाप आहे, त्याला माया द्या, खाऊ द्या, तो आपोआप निवळेल. दोन्ही बाजूंची माणसे भली होती आणि मनापासून बोलत होती. पण त्या पाऊण तासात हा कुत्रा भुंकतो तेव्हा त्याच्या आत काय चाललेले असते, हे एकानेही विचारले नाही. तो घाबरलेला असतो, की माणूस दिसल्याच्या आनंदाने बेभान झालेला असतो?

शिस्त की माया हा वाद चुकीच्या जागी घातला जातो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. भुंकणे, उड्या मारणे, पट्टा ओढणे ही लक्षणे आहेत, आणि एकाच लक्षणामागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. ताप आला म्हणून प्रत्येकाला हिवतापाचे औषध देणाऱ्या डॉक्टरकडे आपण पुन्हा जात नाही, मग भुंकणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला एकच पद्धत लावणाऱ्या ट्रेनरला आपण महिन्याचे पैसे आगाऊ का देतो? पद्धत कुत्र्याच्या अवस्थेवरून ठरली पाहिजे. आणि ती तशी ठरवायची म्हटली की झटके, बटण दाबताच मानेला विजेचा धक्का देणारे पट्टे आणि दरडावणे यांना घाबरलेल्या कुत्र्याच्या बाबतीत जागाच उरत नाही, अतिउत्साही कुत्र्याच्या बाबतीतही ती फार थोडी उरते. त्याच वेळी नुसत्या मायेवर भिस्त ठेवणाऱ्यांनाही आपला बराचसा दिनक्रम बदलावा लागतो. हे दुसरे विधान मायेच्या तटाला रुचत नाही, म्हणून तेही आत्ताच सांगून ठेवतो.

कडक शिस्तीच्या बाजूचे मुद्दे मी हलके मानत नाही. पहिला मुद्दा असा की झटका चालतो. डोळ्यांसमोर चालतो. भुंकणारा कुत्रा मानेला हिसका बसताच गप्प होतो, आणि चार वर्षे शेजाऱ्यांच्या तक्रारी ऐकलेल्या माणसाला ती शांतता लाखमोलाची वाटते. दुसरा मुद्दा जबाबदारीचा आहे. 35 किलोचा कुत्रा आणि पाच वर्षांचे मूल एकाच लिफ्टमध्ये असतील, तर पहिला हक्क त्या मुलाच्या सुरक्षिततेचा आहे, आणि सहा महिन्यांनी सुधारेल हे उत्तर त्या मुलाच्या आईला देता येत नाही. तिसरा मुद्दा संशोधनाचा आहे आणि तो मायेच्या तटाने प्रामाणिकपणे वाचायला हवा. 2024 मध्ये अमेरिकेत 19 कुत्र्यांवर झालेल्या एका प्रयोगात, वेगाने पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग थांबवायला शिकवताना विजेचा पट्टा वापरलेली कुत्री थोड्या सत्रांत थांबायला शिकली, तर तेवढ्याच सत्रांत केवळ खाऊ देऊन शिकवलेली कुत्री शिकली नाहीत. आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे: शिक्षेची पद्धत वाईट ठरवणारे बरेचसे अभ्यास मालकांना प्रश्नावल्या देऊन केलेले आहेत. त्यांतून कुत्रा बिघडला म्हणून मालक कडक झाला, की मालक कडक झाला म्हणून कुत्रा बिघडला, हे नेहमीच वेगळे काढता येत नाही.

एवढे मान्य करूनही मी माझ्या मतावर ठाम का आहे?

भीतीपासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्हचे नाव घेतले की आपल्याला घंटा वाजताच अन्नाच्या आशेने कुत्र्याच्या तोंडाला सुटणारी लाळ एवढेच आठवते. त्याला 1904 मध्ये नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, आणि कुत्र्याच्या भीतीविषयी त्याने जे पाहिले ते त्याच्या उतारवयात. सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि त्याच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी चढत गेले, कुत्री कशीबशी नाक वर ठेवून तरंगत राहिली, आणि अगदी शेवटच्या क्षणी त्यांची सुटका झाली. त्यानंतर काही कुत्र्यांचे महिनोन्महिन्यांचे शिक्षण पुसले गेले होते. पुढे प्रयोगाच्या खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीकशी धार सोडली, तेवढ्यानेही त्यांतला एक कुत्रा पुन्हा कोसळला. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तसेच हे. पण या प्रसंगातला माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग वेगळाच आहे: पूर सर्वांसाठी एकच होता, आणि तरी सगळी कुत्री सारखी मोडली नाहीत. काही सावरली, काही कायमची हादरली. पावलॉव्हने यावरून कुत्र्यांच्या स्वभावप्रकारांचा विचार पुढे नेला. एकाच धक्क्याचे दोन कुत्र्यांवर दोन परिणाम होतात, हे आज शंभर वर्षांनंतर माहीत असतानाही आपण सर्व कुत्र्यांना एकच धक्का देत राहावे, याचे मला खरोखर दुःख वाटते.

घाबरलेल्या कुत्र्याला झटका दिला की काय होते? कुत्र्यासमोर हेल्मेट घातलेला माणूस उभा आहे. कुत्रा घाबरतो, भुंकतो. त्याच क्षणी मानेला हिसका बसतो. कुत्र्याच्या हिशेबी घटनांचा क्रम असा लागतो: हेल्मेट दिसले, मान दुखली. म्हणजे हेल्मेट वाईट असते ही त्याची समजूत आपण आपल्या हाताने पक्की करून दिली. भुंकण्याची शिक्षा द्यायची होती, प्रत्यक्षात पुरावा दिला गेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ही गत आहे. पोर्तुगालमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतली 92 कुत्री तपासली होती. त्यात शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतली कुत्री ओठ चाटणे, जांभया देणे, अंग आखडणे अशी ताणाची चिन्हे अधिक दाखवत होती, आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतले कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरकही अधिक वाढलेले होते. या कुत्र्यांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, ती मुळात वेगवेगळ्या शाळांत जाणारी कुत्री होती, त्यामुळे हा अभ्यास शेवटचा शब्द नाही. पण इथे प्रश्नावली नव्हती. कुत्र्याची लाळ होती आणि चित्रफितींवर नोंदलेले त्याचे वागणे होते.

मग झटक्याने कुत्रा गप्प होतो ते कसे? याचे उत्तर मला फार महागात मिळाले. आमच्याकडे राणी नावाची देशी कुत्री आहे, रस्त्यावरून आणलेली. रेनकोट आणि हेल्मेट घातलेल्या पुरुषांना ती फार घाबरायची आणि ते जवळ आले की गुरगुरायची. आम्ही बोलावलेल्या ट्रेनरने गुरगुरताच साखळीचा झटका द्यायला शिकवले. तीन आठवड्यांत गुरगुरणे संपले आणि घरातल्या सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. चौथ्या आठवड्यात दारात आलेल्या कुरिअरच्या माणसाने सही घेण्यासाठी हात पुढे केला, आणि एकही आवाज न करता राणीने तो हात धरला. चार टाके पडले, इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला, आणि त्या माणसाची आठवडाभराची मजुरी बुडाली. राणीची भीती आम्ही रेसभरही कमी केलेली नव्हती. आम्ही बंद केला होता तो तिचा इशारा. गुरगुरणे म्हणजे कुत्र्याने सभ्यपणे सांगितलेले ‘थांबा’ असते, आणि ते सांगण्याचीच शिक्षा मिळू लागली की त्याच्याकडे पुढची पायरी तेवढी उरते. म्हणून लिफ्टमधल्या त्या मुलाच्या सुरक्षिततेची मलाही पहिली काळजी आहे असे मी म्हणतो, तेव्हा मी शिस्तीच्या तटाला टाळत नाही, त्यांच्याच मुद्द्यावर उभा राहून बोलतो. न गुरगुरता चावणारा कुत्रा त्या मुलाच्या दृष्टीने गुरगुरणाऱ्या कुत्र्यापेक्षा कितीतरी धोक्याचा आहे.

कुत्र्याच्या शांततेचा अर्थ लावताना आणखी एक जुना प्रयोग आठवावा. 1967 च्या सुमारास सेलिगमन आणि मायर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे धक्के दिले. नंतर त्याच कुत्र्यांना, एक बुटकी भिंत ओलांडली की धक्का टळेल, अशा जागी ठेवले. त्यांतली बरीचशी भिंत ओलांडायला गेलीच नाहीत, पडून कण्हत राहिली. हे प्रयोग आज कुणी करू नयेत, पण त्यांतून जे दिसले ते विसरूही नये. तो पडून राहिलेला कुत्रा दुरून पाहणाऱ्याला शांत आणि आज्ञाधारकच वाटला असता. ‘पाहा, किती शहाणा झाला’ असे म्हणत ट्रेनर ज्या कुत्र्याची फीत दाखवतो, त्याची शेपूट कुठे आहे, कान कसे आहेत, तो खाऊ घेतो का, एवढे तरी पाहायला नको का?

‘मालक कोण ते कळले पाहिजे’ या वाक्यामागचा इतिहासही तपासण्यासारखा आहे. पोलिस आणि लष्कराच्या श्वानपथकांतून आलेल्या पद्धतीचे मूळ जर्मनीच्या कोनराड मोस्ट या पोलिस अधिकाऱ्यापर्यंत जाते. त्याचे प्रशिक्षणावरचे पुस्तक 1910 चे आहे आणि त्यात शाबासकीबरोबर जबरदस्तीलाही मोठे स्थान आहे. पुढे 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. एकमेकांशी नाते नसलेले लांडगे छोट्या जागेत एकत्र ठेवले की ते वर्चस्वासाठी भांडत, आणि त्या भांडणांवरून कळपावर हुकमत गाजवणाऱ्या ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना रुजली. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाच्या लेखनाने ती कल्पना लोकप्रिय केली, आणि त्याच मेकने कॅनडाच्या एल्समेर बेटावर मोकळ्या लांडग्यांची वर्षानुवर्षे निरीक्षणे केल्यावर 1999 मध्ये ती मागे घेतली. मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले, हे त्याने दाखवून दिले. ज्याने कल्पना पसरवली त्यानेच ती खोडली, तरी आमच्या सभेत पंचवीस वर्षांनंतर ती तशीच ऐकू येते. तुरुंगातल्या माणसांचे वागणे पाहून कुणी मराठी कुटुंबव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तर आपण तो मानू का?

याहून जवळचा दाखला आपल्या शाळांचा आहे. छडीवाचून विद्या येत नाही, ही समजूत महाराष्ट्रात किती पिढ्या टिकली, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. छडीच्या समर्थकांकडेही पुरावा होता: वर्ग खरोखरच गप्प बसत असे, पाढे खरोखरच पाठ होत असत. बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांना भीतीवाचून शिकवून दाखवले, तरी गावोगावच्या शाळांतली छडी खाली ठेवायला 2009 चा शिक्षणहक्क कायदा आणि त्यातले सतरावे कलम यावे लागले. छडी काढली तर मुले हाताबाहेर जातील, हे भाकीत तेव्हाही केले गेले होते. मूल आणि कुत्रा एक नव्हेत, हे मला कळते. मी दोघांना एका मापाने मोजत नाही. मी मोजतो आहे तो मोठ्या माणसांचा एक जुना गैरसमज, जो समोरचा गप्प बसला म्हणजे शिकला असे धरून चालतो.

आता मायेच्या तटाकडे वळतो, कारण त्यांच्या चुका कमी त्रासाच्या नाहीत. खाऊ म्हणजे लाच, असा आरोप त्यांच्यावर होतो आणि तो खोडून काढण्याइतके स्पष्ट उत्तर त्यांच्याकडे बहुधा नसते. उत्तर 1924 मध्येच मिळालेले आहे. त्याच्या चार वर्षे आधी, 1920 मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन याने एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवून मागे लोखंडी कांब वाजवली होती आणि त्याच्या मनात भीती घातली होती. 1924 मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स हिने उलट दिशेने, भीती काढण्याचे काम केले. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरत असे. तो खायला बसला की ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्या लांब आणला जाई, आणि हळूहळू ते अंतर कमी केले जाई. शेवटी पीटर एका हाताने सशाला कुरवाळू लागला. त्याला दिलेला खाऊ ही सशाला हात लावण्याची मजुरी नव्हती. त्या खाऊने सशाचा अर्थ बदलला.

यात दोन गोष्टी निर्णायक आहेत आणि आपल्याकडे त्या दोन्ही चुकतात. पहिली म्हणजे अंतर. कुत्र्याला फटाक्याच्या दुकानाशेजारी उभे करून तोंडात बिस्किटे कोंबण्याला उपचार म्हणत नाहीत. घाबरलेला कुत्रा उकडलेल्या कोंबडीची कलेजीही नाकारतो, आणि त्याने ती नाकारली की समजावे, आपण फार जवळ आलो आहोत. माझ्या मते हातात खाऊ असलेल्या कुणालाही घरच्या घरी करता येण्यासारखी याहून सोपी तपासणी नाही. दुसरी म्हणजे क्रम. आधी हेल्मेट दिसले पाहिजे आणि मग कलेजी आली पाहिजे. आधी कलेजी दाखवून हेल्मेटकडे ओढत नेले, तर कुत्रा थोड्याच दिवसांत कलेजीलाच बिचकू लागतो, कारण ती दिसली की पुढे काहीतरी वाईट येते हे त्याने ताडलेले असते. पावलॉव्हच्या कुत्र्यांच्या बाबतीतही खुणेचा आवाज अन्नाच्या आधी यावा लागे. ‘आम्ही सगळे खाऊ देऊन पाहिले, काही उपयोग झाला नाही’ असे सांगणाऱ्या मालकांशी बोलल्यावर मला बहुतेक वेळा यांतलीच एक चूक आढळली आहे.

इथे एक आडवळण घेतो, कारण गणपती आणि दिवाळीत हा प्रश्न दर वर्षी कानावर येतो. फटाक्यांनी किंवा ढोलताशांनी थरथरणाऱ्या कुत्र्याला जवळ घेतले तर त्याची भीती ‘लाडावते’, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला निर्दय आहे आणि चुकीचाही आहे. भीती ही भावना आहे, ती कुत्र्याने मिळकतीसाठी केलेली कृती नाही. वीज कडाडल्यावर मांडीत शिरलेल्या लेकराला थोपटल्याने त्याला पुढच्या वेळी विजेची अधिक भीती वाटते का? फिनलंडमध्ये तेरा हजारांहून अधिक पाळीव कुत्र्यांची माहिती गोळा केलेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 32 टक्के कुत्र्यांना मोठ्या आवाजांची भीती होती, म्हणजे हा एखाद्या लाडावलेल्या कुत्र्याचा दोष मुळीच नाही. कुत्रा आपणहून जवळ आला तर त्याला जवळ घ्यावे, कोपऱ्यात लपला तर तो कोपरा त्याचा मानावा, खिडक्या लावाव्यात, आणि दिवाळीच्या दोन महिने आधी पशुवैद्यांशी औषधांविषयी बोलावे. औषधाची लाज वाटणाऱ्यांसाठी सांगतो, कुत्र्यांच्या एकटेपणाच्या तीव्र चिंतेवर क्लोमिप्रामीनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1998 मध्ये आणि फ्लुओक्सेटीनला 2007 मध्ये मान्यता दिली. औषधाने कुत्रा आपोआप शिकत नाही, पण शिकण्याइतका भानावर येतो. आणि पशुवैद्यांकडे जाण्याचे त्याहून साधे कारणही आहे: दुखणाऱ्या कुत्र्याची भीती शिकवून जात नाही. राणीच्या मागच्या पायाच्या गुडघ्यात दुखणे होते. कुणी अचानक जवळ आले की तिला झटकन उठावे लागे आणि ते तिला सोसत नसे. ते आम्हाला कळेपर्यंत दीड वर्ष गेले होते.

अतिउत्साही कुत्र्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे मायेचा तट सर्वांत जास्त घसरतो. हा कुत्रा माणसाला पाहून मागच्या पायांवर रेलत नाही, पुढे झेपावतो. त्याचे अंग सैल असते, शेपूट गोल फिरते, आणि तो खाऊही घेतो, फक्त बोटांसकट. त्याला ‘दमवा’ असा सल्ला मिळतो. मग मालक रोज संध्याकाळी पन्नास वेळा चेंडू फेकतो, आणि दोन महिन्यांत त्याच्याकडे तेवढाच बेभान, पण आता पहिलवानासारखा दमदार कुत्रा असतो. धावण्याला माझा विरोध नाही. मुधोळचा कारवान कुत्रा तर पिढ्यानपिढ्या माळरानावर सशामागे धावण्यासाठी जोपासला गेला, त्याला दोन खोल्यांच्या सदनिकेत कोंडून तो उड्या मारतो अशी तक्रार करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पण चेंडूमागे पुन्हा पुन्हा धावून कुत्रा चढत जातो, उतरत नाही. त्याला उतरवते ते रमतगमत हुंगत केलेले फिरणे, चघळायला दिलेले काही, शोधून काढायला लावलेला खाऊ, आणि झोप. घरातली माणसे, पाहुणे, टीव्ही, बेल यांच्या गलबल्यात वाढत्या कुत्र्याला पुरेशी झोपच मिळत नाही, आणि न झोपलेल्या लहान मुलासारखा तो किरकिरा आणि चळवळा होतो.

उड्यांचेही तसेच. अंगावर उडी मारलेल्या कुत्र्याला आपण हातांनी ढकलतो, ओरडतो, त्याच्या डोळ्यांत पाहतो. ज्याला माणसाचे लक्ष हवे आहे त्याला हे सगळे बक्षीसच आहे. चारही पाय जमिनीवर असतानाच बोलायचे आणि उडी मारताच पाठ फिरवायची, एवढा नियम पुरतो. पण तो घरातल्या सर्वांनी पाळला पाहिजे आणि अडचण नेमकी तिथे येते, कारण बाबा पाठ फिरवतात आणि आजी त्याच उडीला ‘आला माझा सोन्या’ म्हणून पोळीचा तुकडा देते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अधूनमधून बक्षीस मिळणारी सवय, दर वेळी बक्षीस मिळणाऱ्या सवयीपेक्षा अधिक चिवट असते. दहातल्या एका उडीला मिळालेला आजीचा तुकडा बाकीच्या नऊ वेळांची मेहनत वाया घालवतो. अशा घरात झटक्याची गरज कुत्र्याला नसते. घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून एक नियम ठरवायला हवा असतो, आणि आजीला सांगण्यापेक्षा कुत्र्याला झटका देणे सोपे वाटते, हे खरे कारण असते.

19 कुत्र्यांच्या त्या प्रयोगाकडे आता परत जातो. तो पाठलागाविषयी होता. भीतीविषयी त्याने काही विचारलेले नाही आणि भीतीविषयी तो काही सांगतही नाही. हायवेकडे सुसाट धावणाऱ्या कुत्र्याचा जीव वाचवण्यासाठी काय करावे, हा खरोखर अवघड प्रश्न आहे आणि तिथे माझ्याशी मतभेद असणाऱ्यांना मी निष्ठुर म्हणणार नाही, जरी तिथेही माझी निवड लांब दोरीची आणि कुंपणाची असेल. दुसरीकडे, बोलावल्यावर परत न येणाऱ्या 63 कुत्र्यांवर इंग्लंडमध्ये 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, विजेच्या पट्ट्याने बक्षिसाच्या पद्धतीपेक्षा सरस निकाल दिला नाही. वेल्सने तर 2010 मध्येच असे पट्टे बंद केले. आपल्याकडे ते ऑनलाइन सहज मिळतात, आणि ते हातात घेणाऱ्याला वेळेचे भान किती आहे हे कुणी तपासत नाही. प्रयोगशाळेतला निष्णात हात अर्ध्या सेकंदात बटण दाबतो, सोसायटीच्या फाटकाशी वैतागलेला माणूस कधी दाबेल याचा नेम नसतो. जी पद्धत चुकली तर कुत्रा जन्माचा बिचकतो आणि जी पद्धत चुकली तर कुत्रा दोन बिस्किटे जास्त खातो, त्या दोन्ही पद्धती अननुभवी माणसाच्या हाती देताना सारख्याच मानायच्या का? आपल्याकडे प्रदर्शनासाठी प्राणी शिकवणाऱ्याला 1960 च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. घरोघरी जाऊन कुत्री शिकवणाऱ्याला मात्र कुणी परवाना विचारत नाही. म्हणून विचारण्याचे काम मालकाचे आहे: माझा कुत्रा चुकला तर तुम्ही काय कराल, तो घाबरला तर काय कराल, आणि या दोन्हींत तुम्ही फरक कसा ओळखता? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे महिनाभरासाठी कुत्रा सोपवून ‘तयार’ करून आणण्यात अर्थ नाही. भीती जागेशी आणि माणसांशी बांधलेली असते. ती ज्या दारात भेटते, त्याच दारात कमी करावी लागते.

एक आक्षेप राहिला, आणि तो माझ्या वडिलांच्या पिढीकडून येतो. आमच्या गावी कुत्री होती, त्यांना कुणी ट्रेनर ठेवला नव्हता, तरी ती नीट वागत असत. हे बरेचसे खरे आहे. पण गावातल्या कुत्र्याकडे एक गोष्ट होती, जी आपण शहरात आणून त्याच्याकडून काढून घेतली, ती म्हणजे अंतर राखण्याची मोकळीक. अनोळखी माणूस आला की तो कुत्रा दहा पावले मागे सरून भुंकत असे, नको वाटले तर पडवीमागे निघून जात असे. घाबरलेल्या कुत्र्याची पहिली इच्छा लढण्याची नसते, निघून जाण्याची असते. पट्टा, जिन्याचा बोळ आणि लिफ्ट यांनी ती वाट बंद केली आणि त्याच्यापुढे भुंकणे आणि चावणे एवढेच ठेवले. आपणच कोंडी करायची आणि मग ती फोडण्याच्या धडपडीची शिक्षा द्यायची, हे मला न्यायाचे वाटत नाही.

सभेनंतर दोन दिवसांनी मी त्या लॅब्रॅडॉरच्या घरी गेलो. वाटीत कलेजीचे तुकडे घेऊन आम्ही त्याला खाली मैदानात नेले. समोरून माणसे आली, मुले धावली, दूध टाकणारा तोच मुलगा सायकलवरून गेला. कुत्रा पुढे झेपावला, शेपूट गोल फिरवली, आणि प्रत्येक तुकडा बोटांसकट घेतला. हा हरखलेला आहे, असे मी त्याच्या मालकिणीला सांगितले. मग आम्ही लिफ्टने वर निघालो. दार बंद झाले, लिफ्टला नेहमीचा हादरा बसला, आणि कुत्रा कोपऱ्याला पाठ लावून उभा राहिला. जीभ दोनदा ओठांवरून फिरली. मी कलेजी पुढे केली, त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. चौथ्या मजल्यावर दार उघडताच तो भुंकत, उड्या मारत बाहेर धावला, आणि समोर उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना वाटले की तो त्यांच्यावर धावून आला. मालकीण म्हणाली, ‘अहो, हा लहान असताना एकदा वीज गेली होती, आम्ही दोघे अर्धा तास आत अडकलो होतो.’

आता ते कुटुंब जिन्याने चढउतार करते. मैदानात पाय जमिनीवर ठेवण्याचा सराव रोज चालतो, आणि लिफ्टचा सराव दुपारी तीन वाजता, वर्दळ नसताना, दार उघडे ठेवून आणि लिफ्ट न हलवता. मुलांच्या पालकांनी आग्रह धरला तर जाळीचे मुसके घालायला ते तयार आहेत, आणि ते मुसके आनंदाने घालून घेण्याचा सरावही सुरू झाला आहे. पुढच्या सभेत हा विषय पुन्हा आहे. मी त्यांच्यासाठी तीन महिन्यांची मुदत मागणार आहे.